ओठ दिसण्यापुरतं नेट

"मॅडम, वीडियो बंद कर दीजिए, आवाज़ एकदम क्लियर आएगी." हा सल्ला मला सिल्वासात इतक्या जणांनी दिलाय की आता कोणी 'वीडियो' एवढं म्हणालं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कंपनीच्या तक्रार नंबरवरच्या मुलीने दिला, वायर ओढायला आलेल्या माणसाने दिला, शाळेतल्या सगळ्या शिक्षकांनी दिला. आवाज क्लियर येऊन मी काय करू? त्याचं लोणचं घालू? माझ्या आईला ऐकू येत नाही. एका कानाने कमी, दुसऱ्याने जरा बरं, असलं काही नाही. अजिबात, ठार ऐकू येत नाही. मला नेट हवं होतं ते फक्त तिला माझे ओठ दिसावेत म्हणून.

आईचे कान तापात गेले. तेव्हा मी जन्मायची होते. थोरला भाऊ रांगत होता, आईला मोठा ताप आला, तालुक्याच्या दवाखान्यात सुया टोचल्या, ताप उतरला आणि कान गेले. त्यामुळे भावाचं पहिलं रडणं तिने ऐकलंय, माझं नाही. पण ती बोलते मात्र व्यवस्थित, खणखणीत, आमच्या तळकोकणच्या बोलीत. आणि समोरच्याचे ओठ बघून सगळं समजून घेते. हे तिला कोणी शिकवलं नाही. गरजेपोटी तिची तीच शिकली, आणि मग आमचं सगळं घरच त्या वळणाला गेलं.

आमच्या घरात आवाज काढून कोणी बोलायचंच नाही. ऐकणारी जर घरची मालकीणच नसेल तर आवाज कशाला फुकट घालवायचा? नुसते ओठ हलवायचे, तोंड उजेडाकडे ठेवायचं, हात तोंडासमोर आणायचा नाही, घास चावता चावता बोलायचं नाही. वडलांनी तिच्यासाठी मिशी काढून टाकली. त्या काळात, त्या गावात, बाप मेल्याशिवाय मिशी काढणारा माणूस म्हणजे मोठाच चर्चेचा विषय. काकांनी मात्र ठेवली होती, तर आई त्यांना तोंडावर सांगायची, "तुझी मिशी बोलता, तू नाय." रात्री वीज गेली की आम्ही कंदील उचलून आपल्याच तोंडाजवळ धरायचो आणि बोलायचो. बघणाऱ्याला वाटावं, हे काय भुताटकीचं घर आहे! एसटी सुटताना बाकीचे लोक खिडकीतून बोंबलत असायचे, आम्ही मात्र काचेआडून शांतपणे पार सविस्तर बोलायचो. आईला उलट उत्तर द्यायचं असेल तर पाठ फिरवून द्यायचं, म्हणजे मार बसत नसे. शाळेत बाईंनी तक्रार केली होती की ही मुलगी वर्गात ओठ हलवत बसते. अजूनही मी विचार करायला लागले की ओठ हलतात, आणि माझी पोरं वर्गात फिदीफिदी हसतात.

नोकरीच्या निमित्ताने मी सिल्वासाला आले, किलवणीकडच्या सरकारी शाळेत. लग्न झालं ते धुळ्याकडच्या माणसाशी. हे अथालच्या बाजूला धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांना कोकणी बोलणं कळायला काही वर्षं गेली, पण आईशी ओठांनी बोलायला ते पहिल्याच दिवाळीत शिकले. आई म्हणायची, जावई बरा आहे, दात सरळ आहेत, सगळे शब्द दिसतात.

सुट्टीत जायचो तोवर ठीक होतं. मधल्या महिन्यांत पत्रं, मग भावाच्या फोनवर भावाकडून निरोप. मेसेज पाठवून बघितले, पण आई चौथी शिकलेली, एकेक अक्षर लावत वाचणार. वैतागून म्हणाली, "कागद वाचूक मी काय कोर्टात इलंय?" मग वडील गेले. त्यानंतर आई घरात जास्तच एकटी पडली. ओठांनी बोलणारा तिचा मुख्य माणूसच गेला ना. भाऊ दिवसभर बागेत, वहिनी कामात. तेव्हा भावाने गावात घरापर्यंत फायबर घेतलं, त्याच्या मुलाचा जुना लॅपटॉप ओटीवर टेबलावर ठेवला, आणि मी इकडून रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर माझा लॅपटॉप उघडायला लागले. फोनच्या इवल्याशा पडद्यावर ओठ दिसत नाहीत. लॅपटॉपवर तोंड खरोखरच्या तोंडाएवढं दिसतं. पहिल्या दिवशी आई पडद्याला हात लावून म्हणाली, "ह्यां बरा झाला." आणि आमच्या संध्याकाळी सुरू झाल्या. ती मला गावातल्या सगळ्या भानगडी सांगायची, मी तिला शाळेतल्या. मी आवाज काढत नाही म्हणून शेजारची गुजराती काकी एकदा घाबरून विचारायला आली होती, की बेन, तुम्ही त्या मशीनसमोर बसून मंत्र म्हणता की काय?

काही वर्षं छान गेली. मग आमचं नेट बिघडायला लागलं.

म्हणजे काय व्हायचं, चित्र थांबायचं. माझं तोंड अर्धं उघडं, तसंच अडकायचं. सुरुवातीला आई पोट धरून हसायची. "तोंड वासून काय बसलंस गो? माशी जायत मां तोंडात." मग चित्र पुढे उडी मारायचं, मधली दोन वाक्यं गिळून. आवाज तुटला तर माणूस अंदाजाने जोडून घेतो. ओठ तुटले तर काहीच हाती लागत नाही. मी म्हणायचे "भात लावला का?" तिला दिसायचं "भा" आणि मग चौकटी चौकटी. तिकडून वहिनी सांगायची, आमच्याकडे सगळं नीट आहे, बाकीचे व्हिडिओ पळतात. म्हणजे दोष आमच्या घराचा. शिंच्या गावात फायबर पळतंय आणि कारखान्यांच्या या गावात माझ्या खोलीत दोन काड्यांच्या वर नेट येत नाही!

पुढे पुढे आई हसेनाशी झाली. नुसती मान हलवायची. "हां. हां." कशाला हां, ते तिलाही माहीत नसायचं. मी विचारायचे, गुडघा कसा आहे? ती म्हणायची, हां, जेवलंय. मग हळूच म्हणायची, "आज नेट बरा नाय. तुझा तोंड पुसट दिसता." आणि गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ती म्हणाली, "रोज रोज नको लावू गो. तुका शाळा आसता, दमतंस. आयतवारी लाव." मी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. माझी आई मला आठवड्यातून एकदा भेट म्हणत होती. कंटाळली होती ती त्या तुटक्या तोंडाला. मला स्पष्ट कळलं की हे नेट सुधारलं नाही तर माझी आई जिवंत असतानाच माझ्या हातून जाणार आहे.

मग मी त्या नेटच्या मागे लागले.

आधी आमचं घर सांगते. दोन खोल्या आणि मधे एक बोळकांडी. बाहेरच्या खोलीत राउटर, कारण वायर तिथूनच आत आलीय. पण बाहेरच्या खोलीच्या खिडकीला खेटून पलीकडच्या बिल्डिंगची भिंत आहे, भरदुपारी दिवा लावावा लागतो, आणि वरच्या दिव्याने नाकाची सावली ओठांवर पडते. आतल्या खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी. संध्याकाळी तिथे बसलं की तोंड उजळून निघतं. म्हणजे उजेड आत आणि नेट बाहेर. कर्म माझं, दुसरं काय!

वायरवाल्याला म्हटलं, राउटर आत हलव. तो म्हणाला, ही काचेची वायर आहे मॅडम, वाकली की मेली, नवीन टाकावी लागेल, सेठला सांगतो. तो सेठ म्हणजे देवासारखा, आहे म्हणतात पण दिसत कोणालाच नाही. ह्यांनी एका रविवारी स्वतःच वायर ओढून बघितली. तुटली. तीन दिवस अजिबात नेट नाही. आगीतून उठून फुफाट्यात.

शाळेत विषय काढला तर प्रत्येकाकडे औषध तयार. एकाने सांगितलं, राउटर उंचावर ठेवा. शेजारची काकीही म्हणाली, "ऊपर मूको ने, ऊपर!" आम्ही तो माळ्यावर, पापडाच्या डब्यावर बसवला. थोडा फरक पडला असं वाटलं, मग नाही. दुसऱ्याने सांगितलं, मागे स्टीलची परात उभी करा, लहरी आदळून पुढे येतात. केली उभी. दोन दिवस घरात भाकरीचं पीठ मळायला परात नाही, आणि ह्यांचं भाकरीशिवाय पान हलत नाही. तिसऱ्याने सांगितलं, लॅपटॉपच जुना आहे, त्याला नेट पकडणारी वेगळी काडी येते, ती लावा. आणली, लावली. लॅपटॉपमधलं काहीतरी नवीन करून घ्यायचं असतं, तेही बाजारातल्या दुकानदाराकडून करून घेतलं. पडद्यावर आजूबाजूच्या सगळ्या घरांच्या नेटची नावं यायची, एकाखाली एक. सगळ्यांचं नेट माझ्या खोलीत येतंय आणि माझंच येत नाही, म्हणजे बघा!

लॅपटॉप बाहेरच्या खोलीत, अगदी राउटरखाली नेऊनही बघितला. चित्र थांबेना, पण तोंडावर काळोख. मग वरच्या मजल्यावरच्या मुलीकडून गोल दिवा आणला, ती नाचाचे व्हिडिओ काढते त्याचा. तो तोंडासमोर लावला तर आई म्हणाली, पांढरी फटक दिसतंस, पुसट दिसतंस. मला वाटलं दिव्याने डोळे दिपत असतील. आईचं बघणंही जरा विचित्र व्हायला लागलं होतं. ती माझ्याकडे सरळ बघायची नाही, पडद्याच्या बाजूला कुठेतरी बघायची. मी वहिनीला ओरडले, लॅपटॉप वाकडा ठेवता तुम्ही, जरा सरळ करा. बिचारी रोज टेबल सरकवत बसायची.

त्यातच एके दिवशी आमच्या बिल्डिंगची बोअरची मोटर जळली.

इथे मला आमच्या ड्रमांबद्दल सांगायलाच हवं. सिल्वासात रसायनाचे कारखाने पुष्कळ, त्यांची निळी प्लॅस्टिकची ड्रमं भंगारात येतात. तोंड कापून, सोड्याने धुऊन लोक ती पाण्याला वापरतात. इतरांच्या घरी एखादं असतं. आमच्याकडे बोळकांडीत ओळीने माणसाच्या छातीएवढी ड्रमं, या दारापासून त्या दारापर्यंत, कायम काठोकाठ भरलेली. कारण नवरा धुळ्याकडचा. लहानपणी टँकरमागे धावलेला माणूस. इथे चार महिने धो धो पाऊस पडतो, पलीकडे मधुबनचं एवढं मोठं धरण भरलेलं आहे, पण ह्यांना कोण समजावणार? "पाणी आज आहे. उद्याचं कोणी बघितलंय?" सकाळी उठून माणूस देवाला हात जोडतो, हे ड्रमांची झाकणं उघडून बघतात. कुठलं इंचभर कमी झालं असलं तर नळी लावून भरणार. मी बोळातून जाताना अंग चोरून जाते, माझ्या कित्येक साड्या त्या कापलेल्या कडांना लागून फाटल्यात.

तर मोटर जळली आणि दुरुस्त व्हायला वेळ लागला. सगळी बिल्डिंग आमच्या दारात बादल्या घेऊन. ह्यांची छाती अशी फुगली होती की विचारू नका. "बघ, हसत होतीस ना?" आम्ही वापरलं, लोकांना दिलं, ड्रमं रिकामी झाली. त्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत बसून परीक्षेचे गुण शाळेच्या साइटवर चढवत होते. एरवी ते चाक गरगर फिरत बसतं, त्यात माझा चहा होतो, कुकर होतो. त्या दिवशी बटण दाबलं की काम झालं. मला वाटलं, चला, त्या न दिसणाऱ्या सेठला दया आली. आईला लावणार होते, पण वहिनीचा निरोप होता की सगळे लग्नाला गेलेत. दुसऱ्या दिवशीही नेट पळत होतं. तिसऱ्या दिवशी मोटर सुरू झाली, ह्यांनी नळ्या लावून ड्रमं भरली, आणि माझं नेट मेलं.

मी बोळकांडीच्या तोंडाशी उभी राहून त्या ड्रमांकडे बघत राहिले. एका बाजूला राउटर, दुसऱ्या बाजूला माझी खुर्ची, आणि मधे पाण्याची भिंत. मी विज्ञान शिकवते हो! पाणी लहरी शोषून घेतं हे मला कोणी सांगायला नको होतं. पण रोज डोळ्यासमोर असलेली वस्तू दिसत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, माझं एवढं जळूनही मला कळलं नव्हतं.

मग ह्यांच्याशी भांडण झालं. साधंसुधं नव्हे, काकीने टीव्हीचा आवाज कमी करून ऐकावं असं. हे म्हणाले, पाण्याने कुठे नेट अडतं का? लोक काय परातीच्या गोष्टी सांगतात, तू काय ड्रमांच्या! मी म्हटलं, तुम्हाला तुमचं पाणी प्यारं आहे, मला माझी आई. तुमच्या आईने डोक्यावर हंडे वाहिले, त्याचं उट्टं तुम्ही माझ्या आईवर काय म्हणून काढता? ते बोलणं मी करायला नको होतं, पण झालं. थोड्या वेळाने मला बादलीचा आवाज आला. बघते तर हे एकटेच ड्रमातलं पाणी उपसून खाली झाडांना नेऊन घालत होते. पाणी ओतताना त्यांचं तोंड असं झालं होतं की मला वाईट वाटलं, पण मी थांबवलं नाही. रिकामी ड्रमं त्यांनी गच्चीवर नेली. एकच ठेवलं, तेही मोरीत. बोळकांडी अचानक एवढी रुंद दिसायला लागली की चालताना चुकल्यासारखं वाटे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तोंड धुतलं, केस नीट बांधले, खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला आणि आईला लावलं. चित्र आलं. काय चित्र! तिच्या कानातल्या कुड्यांचा मोती दिसत होता. मागे भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. मी हसून, सावकाश, एकेक शब्द कोरून, ओठांनी म्हटलं, "आई, नेट सुधारलं. आता रोज बोलू."

आई पडद्याच्या बाजूला बघत होती. ती म्हणाली, "काय गो? अजून पुसटच दिसता. नेट बरा नाय आजपण."

मी पुन्हा म्हटलं. चित्र कुठेही थांबत नव्हतं. वहिनी मागून डोकावून म्हणाली, ताई, तुम्ही एकदम स्पष्ट दिसता हो, समोर बसल्यासारख्या. मी आईला म्हटलं, मी हसतेय की रडतेय सांग. तिने मान जराशी वळवली, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, "हां. जेवलंय."

मी वहिनीला सांगितलं, तुम्ही तिच्या समोर उभ्या राहा. उजेडात. जवळ. आणि ओठांनी काहीतरी विचारा. वहिनी उभी राहिली. तिने काय विचारलं ते मला इथून स्वच्छ दिसलं. तिने विचारलं, चहा टाकू? आई म्हणाली, "हां, हां." आणि थोड्या वेळाने हळूच, "काय म्हटलंस?"

वहिनी तिथेच खाली बसली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते भावाने मला फोनवर सांगितलं. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा डोळ्यामागच्या पडद्याचा आजार. पडद्याचा मधला भाग सुकत गेला. आजूबाजूचं दिसतं, बरोबर समोरचं दिसत नाही. म्हणजे तिला दार दिसतं, विहीर दिसते, अंगणातली कोंबडी दिसते, चालता-फिरता येतं, म्हणून घरात कोणाला शंका आली नाही. फक्त ज्याच्याकडे बघावं त्याचं तोंड दिसत नाही. तोंडाच्या जागी एक डाग. आधी कळलं असतं तर थोडं वाचवता आलं असतं, आता गेलेलं परत येणार नाही. भाऊ म्हणाला आणि फोनवरच ढसाढसा रडला. आमच्या घरात इतक्या मोठ्याने रडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मला देवाचा इतका राग आला! इतर कोणाला हा आजार झाला तर माणूस टीव्ही बघायचा बंद होतो, पोथी वाचायचा बंद होतो. माझ्या आईचे तर तेच कान होते. एकदा कान घेतलेस, तिने काही तक्रार केली नाही, डोळ्यांनी ऐकायला शिकली. त्यातही तुला पोळी बरोबर मधोमधच करपवायची होती? कडा ठेवल्यास, त्या कशाला? कोंबड्या बघायला?

मे महिन्याच्या सुट्टीत गेले. आदल्या दिवाळीत सासरे आजारी म्हणून आम्ही धुळ्याला गेलो होतो, त्यामुळे वर्षाने जात होते. आईने मला ओळखलं, चालण्यावरून. पुढे आली, दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं, मी लहान असताना वळवायची तसंच. मग डोकं तिरकं करून, इकडून, तिकडून, कोपऱ्यातून ओठ पकडायचा प्रयत्न करत राहिली. मी "आई, आई" एवढंच म्हणत होते. सर्वांत सोपा शब्द. शेवटी तिने हनुवटी सोडली.

तिला सगळं माहीत होतं. रात्री माझ्याजवळ आडवी झाली आणि आपणहून बोलायला लागली. तिला आधी वाटलं चष्म्याचं काही असेल. मग वहिनीचे ओठ पुसट, भावाचे पुसट, सगळ्या गावाचेच पुसट. मी चिडून तिच्या हातावर चापट मारली, सांगितलं का नाहीस म्हणून. तिला चापट कळली. म्हणाली, "माका म्हायत होता. पण डोळे गेले म्हटला तर तुम्ही घाबरलास असतास. नेट नाय म्हटला की कोण घाबरणा नाय."

मी काय करणार होते? अंधार होता, मी बोलत होते, रडत होते, पण तिच्यापर्यंत काहीही पोचत नव्हतं. मी तिचा हात धरून पडून राहिले.

आता वहिनी तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढते. चौथीची अक्षरं, ती पण इतक्या वर्षांनी. "भात" कळतो. "ताप" आणि "ताक" यात गोंधळ होतो. दोन-तीन शब्द झाले की आई दमते, हात मागे घेते. माणसाशी बोलणं म्हणजे काय ते दोन-तीन शब्दांत होतं का? माझ्या शाळेतल्या त्या खोड्या, मुख्याध्यापकांची नक्कल, ह्यांच्या ड्रमांचं रामायण, हे सगळं मी तळहातावर कसं लिहू?

शाळा उघडली, मी सिल्वासाला परत आले. तरीही संध्याकाळी लावते. वहिनी आईला समोर बसवते, हातावर माझं नाव काढते, म्हणजे मी आलेय असं. मग आई बोलते. खणखणीत, पहिल्यासारखी. पाऊस किती झाला, कोणाची गाय व्यायली, वाडीत कोण कोणाशी भांडलं. मी ऐकते, हसते, उत्तरं देते, ओठांनी. सवय जात नाही. वहिनी अधूनमधून तिचा हात दाबते, मग आईला वाटतं मी हसले असेन. आमचं नेट आता इतकं चांगलं आहे की तिच्या कपाळावरचा घाम दिसतो.

परवा ती अशीच बोलत होती. बाहेर पाऊस दाटून आला, वहिनी अंगणातली लाकडं आत घ्यायला धावली. आई एकटीच लॅपटॉपसमोर. ती मला भावाच्या मुलाला आलेल्या स्थळाचं सांगत होती, रंगात आली होती. मधेच थांबली. तिचा हात टेबलावर पडला होता, त्यावर कोणी काही लिहीत नव्हतं, कोणी दाबत नव्हतं. तिने मान उचलली आणि पडद्याच्या जरा डावीकडे बघत विचारलं, "तू आसंस मा गो थंय?"

मी म्हटलं, आहे. ओठांनी म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं, "आहे गं आई, आहे!" मग ओरडले. आयुष्यात मी आईशी कधी ओरडून बोलले नव्हते. हे बाहेरच्या खोलीतून धावत आले, शेजारच्या काकीने दार उघडल्याचं ऐकू आलं. मी पडद्याला हात लावून ओरडत होते आणि समोर आई माझ्या उत्तराची वाट बघत बसली होती, तिच्या सगळ्या सुरकुत्या स्वच्छ दिसत होत्या.

तिने बराच वेळ वाट बघितली. मग स्वतःशीच म्हणाली, "नेट गेला वाटता." हाताने चाचपून तिने लॅपटॉपचं झाकण शोधलं आणि मिटून टाकलं.

नेट गेलं नव्हतं. आमच्याकडे सगळ्या काड्या भरलेल्या होत्या.